गावंडे मॅडमचं घरचं शिवण

ताठ कणा हा चारित्र्याचा दृश्य पुरावा असतो. अकोल्याच्या ज्या महाविद्यालयात मी मराठी शिकवलं, तिथे संस्थापक दिनाला दरवर्षी कोणी ना कोणी हे वाक्य म्हणत असे, आणि म्हणताना वक्त्याची नजर पहिल्या रांगेतल्या विमल गावंडे यांच्याकडे वळत असे. गावंडे मॅडम रसायनशास्त्र शिकवत. त्या खुर्चीला पाठ टेकत नसत. प्रमुख पाहुणे शिक्षणाच्या प्रयोजनावरून स्वतःच्या बालपणाकडे वळले की सभागृह हळूहळू खचू लागे. माना, खांदे, प्राचार्यांचा फेटा, सगळं खाली येई. गावंडे मॅडम सुरुवातीला जशा बसलेल्या तशाच आभारप्रदर्शनाला. पुष्कळ वर्षं मीही ते चारित्र्यच समजले आणि त्याबद्दल मनातून त्यांच्यावर जळत राहिले. पुढे एका उन्हाळ्यात त्यांच्या गच्चीवर जाण्याचा योग आला, तेव्हा कळलं की त्यातलं निदान निम्मं चारित्र्य तारेवर वाळत होतं.

आधी आम्हा बाकीच्या बायकांचं सांगते. विद्यापीठाच्या परीक्षा एप्रिल-मेमध्ये असत. त्या दिवसांत अकोल्यात पंखा हे यंत्र गरम हवा एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात नेण्यापुरतंच उरतं. पर्यवेक्षणाला उभी असलेली प्रत्येक बाई दर थोड्या वेळाने खिडकीकडे तोंड करी. बाहेर पाहण्यासारखं काही नव्हतं, सायकल स्टँड होता. उजवा हात पदराखालून डाव्या खांद्यावर जाई, घसरलेला पट्टा वर ओढी. मग पाठीत रुतलेली हुकाची पट्टी चिमटीने सोडवून पुन्हा जागच्या जागी बसवी. घामोळ्यांवर काय लावावं आणि घरी गेल्यावर ते सगळं काढून फेकताना किती बरं वाटतं, या दोन विषयांवर आमच्या स्टाफरूममधले दोन्ही गट एकत्र येत. एरवी चहाच्या कपांवरूनही येत नसत.

गावंडे मॅडम खिडकीकडे वळत नसत. बाईंची पाठ फिरण्याची वाट पाहणारी पोरं त्यांच्या वर्गात हताश होऊन स्वतःच्या डोक्याने पेपर लिहीत.

मला हेवा होता तो त्यांच्या रूपाचा नव्हे. रूप साधंच होतं. ठेंगणी, रुंद बांध्याची बाई, तेल लावून चपट बसवलेले केस, हातावर नेहमी कसलातरी डाग. हेवा होता तो त्यांचं आणि त्यांच्या अंगाचं जे जमलं होतं त्याचा. माझे माझ्या अंगाशी संबंध आयुष्यभर औपचारिक राहिले. आम्ही एकाच घरात राहतो आणि कामापुरतं बोलतो.

त्यांचं माहेर मोर्शी, सासर तेल्हारा, आणि बोलणं या दोन गावांबाहेर कधी गेलं नाही. मी अमरावतीची, मलाही ती बोली येते. पण मी ती घरी बोलते आणि महाविद्यालयात शिरताना बाहेर चपलांबरोबर काढून ठेवते. गावंडे मॅडम घालूनच आत येत. एकदा विद्यापीठाची समिती आली. अध्यक्षांनी त्यांना विचारलं, "आपल्या विभागाचं दीर्घकालीन उद्दिष्ट काय?"

"पोट्ट्याहिनं अॅसिड तोंडानं ओढू नये," गावंडे मॅडम म्हणाल्या. "एवढं झालं तरी गंज झालं." गंज म्हणजे आमच्याकडे पुष्कळ.

समितीने त्या विभागाला चांगला शेरा दिला. माझ्या विभागाचं उद्दिष्ट मी अडीच पानं लिहून दिलं होतं. त्यावर शेरा नव्हता.

दुसरी सवय कापडाची. कुठलीही बाई भेटली की नमस्काराच्या आधी त्या तिचा पदर अंगठा आणि बोट यांच्यात धरून चोळत आणि मग बोलायला लागत. संस्थेच्या अध्यक्षांच्या पत्नी एकदा स्नेहसंमेलनाला भारी सिल्क नेसून आल्या होत्या. गावंडे मॅडमनी पदर चोळला आणि सहानुभूतीने विचारलं, "कोणी देल्लं वो हे तुमाले? पॉलिस्टर हाये." देणारे अध्यक्ष शेजारीच उभे होते.

गच्चीवर मी गेले ती भाचीच्या लग्नाची पत्रिका द्यायला. दार त्यांच्या यजमानांनी उघडलं. गावंडे साहेब वीज मंडळातून निवृत्त झाले होते. फार कमी बोलत. बायकोविषयी कोणीही काहीही तक्रार घेऊन आलं तरी "वर आहे, जा," एवढंच सांगत. मलाही तेच सांगितलं. मी वर गेले आणि जिन्याच्या तोंडाशीच थांबले.

आमच्याकडे आतले कपडे वाळत घालण्याची एक रीत आहे. तारेवर आधी ती वस्तू, तिच्यावर परकर, परकरावर टॉवेल. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावं की या घरात माणसं फक्त टॉवेल वापरतात. ही रीत मला कोणी शिकवल्याचं आठवत नाही. ती आईच्या दुधातूनच येत असावी. गावंडे मॅडमच्या गच्चीवर भर दुपारच्या उन्हात, रस्त्याकडच्या तारेवर, एकीशेजारी एक अशा त्यांच्या ब्रा वाळत होत्या. वर काही नाही. पांढऱ्या, बदामी, एक निळ्या फुलांची, एकीला कडेने गुलाबी गोट. दुकानात मिळतात तशी एकही नव्हती. मऊ सुती कापड, पाठीवर चार बोटं रुंद पट्टी, आणि खांद्याचे पट्टे मुळाशी रुंद होत गेलेले. पलीकडे त्याच कापडाच्या निकर होत्या, आणि त्यांच्या पलीकडे कुरडया.

"काय पाहून राहिल्या?" गावंडे मॅडम कुरडया उलटत म्हणाल्या. "माह्या हातच्या हाये. दोन्ही."

मी विचारलं, शेजारीपाजारी कोणी काही म्हणत नाही का?

"म्हणतात ना. समोरचे तायडे भाऊ आले होते. म्हणे मॅडम, आमच्याकडं पाव्हणे येतात, हे जरा आत वाळू घालान काय? मी म्हणलं, भाऊ, तुमची बनियन कालपासून माह्या घराकडं तोंड करून लटकून राहिली. तिले तं जागोजागी भोकं हाये. मी आली काय तुमच्याकडं?"

"मग?"

"मंग काय. त्याहिनं नवी बनियन घेतली."

शिवायला त्या कशा लागल्या, याची हकिकत त्यांनी त्याच दुपारी सांगितली आणि नंतर अनेकदा, दर वेळी तितक्याच संतापाने. लग्नानंतर काही वर्षांनी त्या अमरावतीच्या बाजारात अशा कपड्यांच्या दुकानात गेल्या होत्या. काउंटरमागे एक माणूस. गावंडे मॅडमनी तोंड उघडायच्या आत त्याने त्यांच्याकडे एक नजर टाकली आणि माळ्यावरच्या पोऱ्याला ओरडून सांगितलं, "अडतीस काढ रे!" दुकानात होती नव्हती ती सगळी माणसं वळली. आम्ही सगळ्या अशा प्रसंगातून गेलो आहोत. आपण मान खाली घालतो, आकडा मान्य करतो, पाकीट पिशवीत तळाशी लपवतो आणि घरी आल्यावर आतली वस्तू घट्ट निघाली तर आपलंच काहीतरी चुकलं असं समजून वापरतो.

गावंडे मॅडम म्हणाल्या, "काहून गा, टेप लावला काय तू मले?"

"बाई, अनुभव आहे. वीस वर्षं हेच करतो."

"मंग तुह्या मालकाची कंबर सांग. थे तं रोज पाहून राहिला."

मालक गल्ल्यावर होता. त्याने पोट आत ओढलं. गावंडे मॅडम तशाच बाहेर पडल्या, शेजारच्या दुकानातून मलमल आणि इलॅस्टिक घेतलं, आणि त्यानंतर त्यांनी ही वस्तू विकत घेतली नाही.

कटोरी कशी कापायची हे त्यांना कोणी शिकवलं नाही. ते प्रयोगशाळेत सुचलं. गाळणकागदाची गोल चकती घडी घालून नरसाळ्यात बसवतात, तशी ती बसवताना एक दिवस त्यांच्या लक्षात आलं की सपाट कागदाला खोलगटपणा येतो तो एका घडीमुळे, आणि घडी जितकी मोठी तितकी खोली जास्त. त्या संध्याकाळी त्यांनी मोठ्या आकाराच्या काही चकत्या घरी नेल्या. त्यानंतर त्यांचे सगळे कागदी नमुने गाळणकागदाचेच असत. मी पाहिलं तेव्हा शिवणयंत्राच्या खणात अशा चकत्यांची चळत होती, काहींवर फिकट निळसर डाग. "मोरचुद," त्या म्हणाल्या. "अंगाले लागत नाही. कागदालेच हाये."

मी त्या दुपारी पत्रिका दिली, कुरडया खाल्ल्या, आणि जाताना शक्य तितक्या सहज विचारलं, "मला एक शिवून द्याल का?"

"नाही," त्या म्हणाल्या. "शिकवीन. शिवून देणार नाही. कोणालेच देत नाही."

"का पण?"

"दुसऱ्याच्या अंगाचं दुसऱ्याले काय समजते? कुठी टोचते, कुठी दाटते, थे ज्याचं त्यालेच. ब्लाउज शिवून देईन, पायजे तं. हे नाही."

शिकवणीला मी गेले. शनिवारी दुपारी, महाविद्यालय सुटल्यावर. गावंडे मॅडम शिकवताना दातांत टाचण्या धरून बोलत, त्यामुळे प्रत्येक सूचना धमकीसारखी ऐकू येई. कापड उरेब धरायचं, म्हणजे तिरकं. तिरकं धरलं की मलमल ताणली जाते आणि अंगाबरोबर हलते. पट्टी उभ्या धाग्यावर, कारण तिने ताणायचं नाही, धरायचं. हे सगळं मला समजत होतं. मी त्यावर व्याख्यान देऊ शकले असते. शिवून मात्र जे झालं ते एखाद्या घुबडाने चष्मा म्हणून वापरलं असतं, तेसुद्धा डोळ्यांचा नंबर वेगवेगळा असता तर. गावंडे मॅडमनी ते उजेडाकडे धरलं, उलटंसुलटं केलं.

"मराठीवाल्याइचं हे असंच असते," त्या म्हणाल्या. "सजावट गंज. माप नाही."

मी गोटाला कशिदा काढला होता, हे खरं आहे.

असं आमचं चाललं असताना महाविद्यालयाच्या महिला कक्षाला गावंडे मॅडमच्या या कौशल्याची बातमी लागली. महिला कक्षाला वर्षाकाठी काही उपक्रम दाखवावे लागत. कार्यशाळा घ्यायची ठरली. नाव काय द्यायचं यावर दोन बैठका झाल्या. वस्तूचं नाव फलकावर लिहिणं कोणालाच परवडणारं नव्हतं. अखेर 'गृहिणींसाठी सूक्ष्म वस्त्रनिर्मिती : एक स्वावलंबी दृष्टिकोन' असं ठरलं. ते मीच सुचवलं. प्रमुख पाहुणे म्हणून एक माजी प्राचार्य आले, दीपप्रज्वलन झालं, स्वागतगीत झालं. पाहुणे स्त्रीशक्तीवर बोलले. आपण कशाच्या उद्घाटनाला आलो आहोत याची त्यांना कल्पना नव्हती. त्यांना वाटलं हातरुमाल. "या छोट्याशा वस्त्राने देशाचे अश्रू पुसले जातील," असं ते म्हणाले, तेव्हा मागच्या रांगांतल्या मुली बाकांखाली गेल्या.

मग गावंडे मॅडम उठल्या. पिशवीतून त्यांनी निळ्या फुलांची ब्रा काढली आणि टेबलावर, सरस्वतीच्या तसबिरीसमोर, नारळाशेजारी ठेवली. प्राचार्यांना त्याच क्षणी कुठलासा फोन आला.

"शिवण मंग पाहू," गावंडे मॅडम म्हणाल्या. "पयले माप. माप चुकलं तं सोन्याच्या सुईनं शिवलं तरी टोचन. कोण येते पुढं?"

कोणी आलं नाही. मुली एकमेकींना ढकलू लागल्या. मला वाटलं, ही वेळ आहे. त्यांचा शिवून न देण्याचा नियम असेल, पण सगळ्यांसमोर माप घ्यायला काय हरकत आहे. आणि एकदा त्या टेपने माझं माप त्यांच्या डोक्यात गेलं की पुढचं पुढे. मी हात वर करू लागले. हात कानापर्यंत आला असेल, तोवर गावंडे मॅडम इकडेतिकडे पाहून व्यासपीठाच्या कोपऱ्यात गेल्या होत्या. तिथे संस्थापकांचा अर्धपुतळा होता. त्यांनी त्याच्या गळ्यातला हार काढून बाजूला ठेवला आणि छातीभोवती टेप गुंडाळला.

"पाहा. श्वास सोडला का मंग घ्याचं. यायनं कवाच सोडला, म्हून बरं हाये."

वरचं माप, खालचं माप, खांद्यापासून खाली. संस्थापकांवर ते सगळं झालं. मुली उभ्या राहून पाहत होत्या; अशा शांततेत मी तरी त्या सभागृहात कधी शिकवलं नाही. काही मुली त्यानंतर स्वतःचं स्वतः शिवू लागल्या, हे मला पुढे त्यांच्याकडूनच कळलं. महिला कक्षाच्या अहवालात कार्यशाळेचा उल्लेख एका ओळीत आला. दुसऱ्या वर्षी रांगोळी झाली.

माझा हात कानापाशी होता, तो मी केस सारखे करून खाली आणला. आयुष्यात मला अनेकांचा हेवा वाटला आहे, पण पुतळ्याचा तेव्हा पहिल्यांदा.

माणसांतली माझी प्रतिस्पर्धी निघाली नसीमआपा. गावंडे मॅडमच्या गल्लीच्या तोंडाशी तिचं पिको-फॉलचं दुकान होतं, दुकान म्हणजे घराची पुढची खोली. दोघींची मैत्री यंत्रांवरून जमली होती. हिच्या यंत्राचा पट्टा तुटला की तिचा, तिची बॉबिन हरवली की हिची. नसीमआपा उंच, सडपातळ, जिभेने तिखट, गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं की "ताई, साडी तुमची, टांके माझे, और वक्त अल्लाह का, किस में कम करूं?" असं विचारून गप्प करी. मग तिला छातीचा कर्करोग झाला. ऑपरेशन नागपूरला झालं. एक बाजू काढून टाकली. ती बरी होऊन परत आली, पण दुकान उघडेना. मुलगी पिको करी, आपा आतल्या खोलीत ओढणी दुहेरी घेऊन बसे. "सब वहींच देखते," एवढंच म्हणे. खांदाही एका बाजूला झुकू लागला होता.

मी एका शनिवारी शिकवणीला गेले तर गावंडे साहेब म्हणाले, "वर नाही. नसीमकडे आहे." हे त्यांचं मी ऐकलेलं सर्वात लांब भाषण. मी तिकडे गेले. आतल्या खोलीत नसीमआपा पाटावर ताठ बसली होती आणि गावंडे मॅडम तिच्या पाठीमागे गुडघे टेकून तिचं माप घेत होत्या. टेप अंगाला लावण्याआधी त्या तो आपल्या तळव्यात धरून गरम करत होत्या. ऑपरेशनच्या जागेवर गार लागू नये म्हणून. मला हे सांगायला कोणाची गरज पडली नाही. मी चपला पायात सरकवल्या आणि घरी गेले.

कोणालाच शिवून देत नाही, असं त्या म्हणाल्या होत्या. मी पुढच्या शनिवारी ते त्यांना आडून विचारलं.

"नियम होता ना तुमचा?"

"हाये ना."

"मग नसीमआपाचं?"

त्यांनी तोंडातल्या टाचण्या काढून वाटीत ठेवल्या. "राऊतबाई, स्वतःचं माप घ्याले आरसा लागते. तिले आरशात पाहवत नाही सध्या. तुमाले पाहवते ना?"

मला सगळ्यात राग या प्रश्नाचाच आला.

रिकाम्या बाजूला काय भरायचं हा खरा प्रश्न होता. कापूस भरून पाहिला. आमच्याकडे कापसाला तोटा नाही. पण कापूस हलका. चालताना ती बाजू वर चढत चढत गळ्याशी येई, आणि वजन नसल्याने खांद्याचा झोकही जाईना. मग गावंडे मॅडमना नसीमआपाच्या नातीची उशी दिसली. तान्ह्या बाळाचं डोकं गोल व्हावं म्हणून मोहरी भरून छोटी उशी करतात, ती. मोहरीला वजन असतं आणि ती अंगासारखी सरकते. नात आता धावायला लागली होती, उशी पडून होती. गावंडे मॅडमनी ती उसवली. "पोरीचं डोकं गोल झालं," त्या म्हणाल्या, "आता नानीचं काम करू दे तिले." घरच्या ताजव्यावर मोजून, दुसऱ्या बाजूच्या वजनाला जुळवून, त्यांनी मोहरीची कटोरी शिवली.

ती बसली. खांदा सरळ झाला. नसीमआपाने ओढणी एकेरी घेतली आणि एक पूर्ण दिवस दुकानात बसली.

तेव्हा श्रावण होता. झड लागली होती. नसीमआपाने ती ब्रा धुतली, आणि धुतली ती मोहरीसकट, आणि वाळत घातली ती रीतीप्रमाणे: मोरीतल्या दोरीवर, वर परकर, परकरावर टॉवेल. ना वारा, ना उजेड. वाळली का म्हणून दोन-तीन दिवसांनी टॉवेल उचलला.

मी नेमकी त्याच वेळी दारात होते. हातात पेरू होते. आजारी माणसाला भेटायला जावं, इतपत मी सुधारले होते. आतून नसीमआपाची आरोळी आली. "मॅडम! जल्दी आओ! मेरे को तो खेती हो गई!"

गावंडे मॅडम गल्लीतून आल्या आणि माझ्या शेजारून आत गेल्या. मला वाटतं त्यांना मी दिसलेही नाही. कटोरीच्या मलमलीतून, शिवणीच्या टाक्याटाक्यांतून, मोहरीचे पांढरे मोड बाहेर आले होते, टोकाला पिवळसर पानं फुटू पाहत होती.

गावंडे मॅडमनी ती हातात घेतली. रसायनशास्त्राच्या माणसाने पाहावं तसं पाहिलं. मग म्हणाल्या, "पेरणी तं मी केली वं नसीम. आता निंदाले कोणाले बलावू?"

"अब्बा होते तो बोलते, बटाई में आधा हिस्सा मेरा!"

"आन् पीक विमा?"

यावर त्या दोघी ज्या हसल्या, तसं हसू मी मोठ्या बायकांचं त्याआधी ऐकलं नव्हतं. नसीमआपा भिंतीला धरून खाली बसली. ऑपरेशनची बाजू दुखते म्हणून हाताने दाबून धरत होती आणि "नको ना, मॅडम, टांके टूटेंगे," म्हणत होती, आणि गावंडे मॅडम, त्या ताठ कण्याच्या गावंडे मॅडम, कमरेत वाकून तिच्या खांद्यावर कपाळ टेकून हसत होत्या. त्यांना वाकलेलं मी प्रथमच पाहिलं. मला कटोरी नको होती, ब्रा नको होती. मला ते हवं होतं. पेरू उंबऱ्यावर ठेवले आणि निघाले. नंतर दोघींनी मला पेरू छान होते म्हणून सांगितलं.

पुढच्या वेळी गावंडे मॅडमनी कटोरीला आतून कप्पा केला, मोहरीची पुरचुंडी काढता-घालता येईल अशी, आणि मोहरी आधी तव्यावर भाजून घेतली. भाजलेल्या मोहरीला मोड येत नाहीत. वास मात्र येतो. बरेच दिवस नसीमआपाच्या दुकानात गेलं की भूक लागे. "आपा, लोणचं घातलं का?" असं गिऱ्हाइकं विचारत आणि आपा, जी पूर्वी कोणी पाहिलं तरी आत जात असे, छातीवर हात ठेवून म्हणे, "हौ, मुरायला ठेवलंय." वाळत ती आता गावंडे मॅडमच्या गच्चीवर घाली. रस्त्याकडच्या तारेवर.

मी शनिवारची शिकवणी सोडली. कारण दिलं की अमरावतीला जावं लागतं, आईला बरं नसतं. आई ठणठणीत होती. अमरावतीच्या घरी आईचं जुनं पायमशीन होतं. त्यावर मी शिवू लागले, दार लावून, कोणालाही न सांगता. गाळणकागद मात्र मी रसायनशास्त्र विभागाच्या शिपायाकडून मागवत असे. कशिदा काढला नाही. पहिल्या काही फेकून द्याव्या लागल्या, एकीची आईने मिक्सर पुसायला फडकी केली. पण उरेब हाताला कळायला लागलं, आणि शेवटी मी एक अशी शिवली की ती घालून एका पूर्ण सत्काराला मी एकदाही खिडकीकडे वळले नाही. सत्कार गावंडे मॅडमचा होता. त्या निवृत्त होत होत्या. वक्ते ताठ कण्याविषयी बोलले. माझ्याकडे कोणी पाहिलं नाही.

गावंडे साहेबांना तेल्हाऱ्याला शेतावर राहायचं होतं. ते त्यांनी कधी बोलून दाखवलं असेल असं वाटत नाही. पण घर भाड्याने दिलं, सामान टेम्पोने पुढे गेलं, साहेबही त्यातच गेले. शिवणयंत्र मात्र गावंडे मॅडमनी टेम्पोत चढवू दिलं नाही. ते घेऊन त्या स्वतः एसटीने निघाल्या. आम्ही पोचवायला बसस्थानकावर गेलो, नसीमआपा आणि मी. आपाने डबा आणला होता. ती रडली, गावंडे मॅडमनी तिचे गाल ओढणीने पुसले आणि तेवढ्यात ओढणी चोळून पाहिली. यंत्र मागच्या सीटखाली गेलं. मग त्या चढू लागल्या.

पायरी उंच होती म्हणून त्यांनी आधाराला माझ्या खांद्यावर हात ठेवला. एक पाय वर गेला, आणि हात तिथेच थांबला. ब्लाउजवरून त्यांचं बोट पट्ट्यावर पुढे सरकलं, मागे गेलं, पाठीच्या पट्टीपर्यंत उतरलं, परत वर आलं.

"घरी शिवलं?"

"हो."

"कवा?"

"झाले बरेच दिवस."

"सांगितलं नाही ते?"

मागून कंडक्टर म्हणाला, "मावशी, बसता का? का दारातच हळदीकुंकू करता?"

"थांब गा बापा, काम करून राहिली," गावंडे मॅडम त्याच्याकडे न पाहता म्हणाल्या. त्यांचा हात अजून माझ्या खांद्यावर होता. दोन्ही खांदे त्यांनी एकदा हाताखालून घातले, थोडं मागे होऊन पाहिलं, मान हलवली. "उरेब बराबर धरलं. पट्टीही चांगली हाये. डावा पट्टा तेवढा लांब झाला वो. पाऊण इंच आत घेजा."

"घेते," मी म्हणाले.

मग त्या आत गेल्या. खिडकीपाशी बसल्या, सीटला पाठ न टेकता. बस हलली. नसीमआपा हात हलवत बसच्या बाजूने थोडी पळाली. मी जागेवर उभी राहिले, आणि बस दिसेनाशी झाल्यावरही काही वेळ तशीच उभी होते. तेल्हारा लांब नाही. मी अजून गेलेली नाही.

त्या संध्याकाळी अमरावतीला पोचले, डावा पट्टा उसवला, टाचणी लावून आरशासमोर नीट पाहिलं. अर्धा इंच पुरला.